जांभूळचा हरकारा

हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुरियरवाले भोईरकाकांच्या मजल्यावर जायला कचरतात. पार्सल द्यायच्या आधी काकांच्या वहीत सही करावी लागते: निघालात कधी, पोचलात कधी, वाटेत कुठे थांबलात. इंग्रज सरकार टपाल वाहायचा ठेका देई, त्यात म्हणे मिनिटामिनिटाचा हिशेब असे. दूधवाला आणि खुद्द काकू, दोघांनाही तोच करार लागू. सोसायटीचे अध्यक्ष मीटिंगला उशिरा आले, तेव्हा काकांनी वही त्यांच्यापुढेही सरकवली.

अंबरनाथच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून काका दर मंगळवारी मुंबईच्या एका दफ्तरखान्यात जुने ठेके वाचत बसतात. मला वाटायचं, छंद असेल. एकदा चष्मा फुटला म्हणून वाचून दाखवायला त्यांनी मला सोबत नेलं आणि वाटेत खरं कारण सांगितलं. त्यांचे खापरपणजोबा जांभूळ गावचे, टपालाच्या ठेकेदाराकडे हरकारे. टपालाची थैली खांद्यावर घेऊन धावायचे. एका पावसाळ्यात ते थैलीसकट नाहीसे झाले. गाव म्हणालं, थैली घेऊन पळाला. घरानंही तेच मानलं आणि त्यांचं नाव काढणं बंद केलं. पुढच्या पिढ्यांना ते नावच कळलं नाही. पळालेल्या माणसाचं श्राद्धही कुणी घातलं नाही.

दुपारी ठेकेदाराचा एक अर्ज हाती लागला. टपालाला उशीर झाल्याबद्दल त्यानं सरकारची माफी मागितली होती. मी मराठीत सांगत गेलो. उल्हास नदीला अचानक लोंढा आला. थैली काठावरच्या झाडाला उंच बांधलेली मिळाली, पत्रं शाबूत होती. जांभूळचा हरकारा तीन दिवसांनी लांब खाली गाळात सापडला. कमरेच्या पट्ट्यावरून ओळख पटली. तिथेच पुरला.

अर्ज सरकारला गेला होता. जांभूळला कुणी कळवलंच नव्हतं.

"नाव काय लिवलंय?" काकांनी विचारलं.

नाव नव्हतं.

"परत बघ."

मी परत पाहिलं. काकांनी त्या कागदावर तळहात ठेवला. दफ्तरखान्यातल्या बाई म्हणाल्या, हात लावायचा नाही. काकांनी हात उचलला नाही.

त्या वर्षी सर्वपित्रीला भोईरांच्या घरी एक पान जास्त मांडलं. भटजींनी नाव विचारलं.

"नाव आम्हीच हरवलं," ते म्हणाले. "तुम्ही नुसतं आजा म्हणा. आजा, घरी ये, म्हणा."