बचत बुडवायचा बेत

बचत बुडवणं म्हणजे ऑर्विलच्या डाव्या हातचा मळ. जन्मभर विद्यापीठाचे बॉयलर सांभाळलेल्या माणसाला ते काय अवघड?

सगळं जोलीनबाईंसाठी चाललं होतं. एका कंपनीनं विद्यापीठाला नवे दिवे नि बॉयलर बसवून दिले होते, वाचलेल्या बिलातून पैसे फेडायच्या बोलीवर. ती बचत खरी की नुसती कागदावरची, हे बघायला राज्य सरकार दर हिवाळ्यात जोलीनबाईंना धाडायचं. बाई तळघरात मीटर तपासायच्या आणि मग ऑर्विलनं भाजलेल्या लिंबाच्या वड्या खात गप्पा मारायच्या. बायको गेल्यापासून त्या वड्यांना दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्या एका दुपारसाठी त्याचा जीव वर्षभर झुरायचा. यंदा मात्र सरकारनं कळवलं, बचत चोख असेल तिथं कुणी येणार नाही.

मग बचत चोख ठेवतो कोण! बाहेर उणे तीस, आणि ऑर्विलनं व्यायामशाळेच्या खिडक्या सताड उघडून दिल्या.

पण आमची मिनेसोटाची माणसं. उघडी खिडकी दिसली की लावायची, आणि कुणी उघडली म्हणून चकार शब्द काढायचा नाही. प्राध्यापकांनी लावल्या, खेळाडू पोरींनी लावल्या, पाद्रीबाबाही जाता जाता लावून गेले. वर कुणीतरी फटीसुद्धा बुजवल्या. बचत उलट वाढली.

"फटी कुणी बुजवल्या रे?" ऑर्विलनं झाडूवाल्या ग्लेनला विचारलं.

"मीच. म्हटलं, तुला कशाला त्रास."

"उपकार झाले बाबा," ऑर्विल म्हणाला, आणि मनातल्या मनात त्यानं ग्लेनचा गळा आवळला.

फेब्रुवारीत जोलीनबाईंचाच फोन आला.

"ऑर्विल, तुमची बचत राज्यात पहिली आली. अभिनंदन."

"आभारी आहे, बाई."

"तरी विचारते हं. तक्रार असेल तर मला यावं लागतं, तसा नियमच आहे. बॉयलर कुरकुरतो का?"

"छे हो. झकास चाललंय." आमच्याकडे पाय मोडला तरी माणूस झकासच म्हणतो.

"एखादा दिवासुद्धा मिणमिणत नाही?"

"नाही हो. तुम्हाला कशाला त्रास."

"बरं," त्या हळूच म्हणाल्या, "वड्या तेवढ्या माझ्या वाटच्याही खा."

फोन ठेवल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. परत फोन करावा म्हणून त्यानं हात पुढे केला, आणि बाई कामात असतील म्हणून मागे घेतला.

घरी निघताना व्यायामशाळेची एक खिडकी उघडी दिसली. सकाळी त्यानंच उघडलेली. जाता जाता त्यानं ती लावून टाकली.