गाडी बसंल का?

आमची गल्ली भुयारी गटारासाठी खोदून ठेवली होती, त्या दिवसांत रोज सकाळी तिच्यातून बांबूचा एक आडवा कळक जायचा. कळकाच्या मधोमध, तो दोन्ही हातांनी छातीशी धरून, सोनवणे तात्या चालत असायचे. कळकाचं टोक कुणाच्या मोटरसायकलला, कुणाच्या कुंडीला, कुणाच्या पायरीला लागलं की तात्या जागीच थांबायचे आणि त्या घराकडं तोंड करून विचारायचे, "हितनं गाडी बसंल का?"

गाडी म्हणजे ॲम्ब्युलन्स. आणि कळक म्हणजे त्या ॲम्ब्युलन्सची रुंदी, दोन्हीकडच्या आरशांसकट.

हे मला ठाऊक असायचं कारण म्हणजे ते माप माझ्या टेपनं घेतलेलं होतं. मी घरी ब्लाउज शिवते. माझं मशीन गल्लीकडच्या खिडकीला लागून आहे, त्यामुळे गल्लीत काय चाललंय ते बघायला मला वेगळं उठावं लागत नाही. एक दिवस तात्या खिडकीशी येऊन म्हणाले, "पोरी, टेप दे जरा." मला वाटलं, त्यांच्या बायकोचा, काकूंचा ब्लाउज असेल. तात्या टेप घेऊन थेट सरकारी दवाखान्यात गेले आणि तिथं उभ्या असलेल्या ॲम्ब्युलन्सचं माप घ्यायला लागले. ड्रायव्हरला आधी वाटलं, कुणी साहेब तपासणीला आलेत. तो बिचारा शर्टाची बटणं लावत धावत आला. टेप परत आला तेव्हा त्याला ग्रीस लागलेलं होतं. ते अजून निघालेलं नाही.

तात्या जन्मभर एसटीचे ड्रायव्हर. राजुरी, खोडद, पिंपरी पेंढार, सगळे रस्ते त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यामुळे जगाकडं बघायची त्यांची एकच नजर : इथून गाडी जाईल की नाही. लग्नाला गेले की आमच्यासारखे लोक नवरी बघतात, तात्या पार्किंग बघायचे. कुणीतरी फाटकात आडवी गाडी लावलेली दिसली की त्यांच्या घशाखाली जिलेबी उतरायची नाही. नारायणगावला त्यांच्या मुलीनं नवं घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला तात्या जिन्याच्या वळणावर हात कंबरेवर ठेवून उभे राहिले. जावई म्हणाले, "कसं वाटलं घर?" तात्या म्हणाले, "लई झाक. पर हितनं आजारी माणूस खाली कसा आणायचा?" मुलगी दोन महिने बोलत नव्हती.

अशा माणसाच्या दारापुढं चर खोदला गेला.

चर गल्लीच्या एका बाजूनं गेला, दुसऱ्या बाजूला मातीचे ढीग आणि सिमेंटचे पाईप. मध्ये उरली एक पट्टी. आम्ही सगळे वैतागलो होतो, पण आमचा वैताग चिखलाचा आणि धुळीचा होता. तात्यांचं तसं नव्हतं. त्यांचं जेवण कमी झालं. लांबून सायरन ऐकू आला तरी ते दारात येऊन उभे राहायचे आणि आवाज दुसरीकडं गेला की मगच आत जायचे. काकू मला म्हणाल्या, "यांचा हात झोपेतसुद्धा गिअर बदलतोय गं."

पालिकेच्या कचेरीत तात्या इतक्यांदा गेले की शिपाई त्यांना बघूनच खुर्ची सरकवायचा. एकदा मीही बरोबर होते, नळपट्टीच्या कामाला. इंजिनिअर तरुण होते, सभ्य होते. म्हणाले, "तात्या, काम लवकरच पूर्ण होतंय. थोडी कळ काढा."

"मी काढतो की, साहेब. पर ज्याला कळ येईल त्यानं काय करायचं?"

इंजिनिअर हसले. तात्या हसले नाहीत. ते टेबलासमोरून हललेच नाहीत, तेव्हा कंत्राटदाराला फोन गेला आणि चरावर टाकायला दोन जाड लोखंडी प्लेटा आल्या. त्या प्लेटांवर तात्या स्वतः उड्या मारून आले.

मग त्यांनी ॲम्ब्युलन्सच्या त्याच ड्रायव्हरला चहाच्या टपरीवर गाठलं. "एकडाव गल्लीत गाडी घालून बघ ना, राव."

"पेशंट कोण आहे?"

"सध्या कुणी न्हाई."

"मग गाडी कशी आणू, तात्या?"

"अरे, पेशंट असताना बसली न्हाई तर काय करू?"

ड्रायव्हरनं चहाचे पैसे तात्यांना देऊ दिले नाहीत, पण गाडीही आणली नाही.

गल्ली आता तात्यांना टाळायला लागली होती. कळक दिसला की लोक दारं लावून घ्यायचे. मीसुद्धा एक दिवस कातावून विचारलं, "तात्या, तुम्हाला काही होतंय का? छातीत वगैरे?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग काकूंना?"

"ती मला पोचवून येईल."

एवढं म्हणून ते कळक घेऊन पुढं गेले, गल्लीच्या टोकापर्यंत, शेटे मास्तरांच्या पायरीपर्यंत. तिथून वळले. आत न बघता, घरावरून नजर घाईघाईनं काढून घेत वळले.

शेटे मास्तर शाळेचे मास्तर नव्हेत. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. तात्या आणि ते कित्येक वर्षं एकाच गाडीवर होते. एकाच डब्यात जेवायचे, एकाच मुक्कामाला राहायचे, घरंसुद्धा एकाच गल्लीत घेतली. दोघांच्या निवृत्तीचा कार्यक्रमही एकाच दिवशी झाला आणि तिथंच सगळं बिनसलं. मास्तर भाषणात म्हणाले, "गाडी सोनवणेनं चालवली, पर रस्त्यावर ठेवली मी." सगळा डेपो हसला. तात्या आपला नारळ खुर्चीवर ठेवून उठून गेले. तेव्हापासून अबोला. मास्तर भाजीला निघाले की तात्या घरात. तात्या ओट्यावर बसले की मास्तरांची खिडकी बंद. अलीकडं मास्तरांचं हृदय थकलं होतं. चार पावलं टाकली की त्यांना धाप लागायची. त्यांची सून रेखा माझ्याकडं ब्लाउज टाकायला आली की रडायची.

ज्या दिवशी चर मोठ्या लाईनला जोडायचा होता, त्या दिवशी गल्लीचं तोंडच आडवं खोदलं गेलं. प्लेटा उचलून बाजूला ठेवल्या होत्या. तात्यांनी सकाळपासून कामगारांशी भांडण मांडलं होतं. मुकादम म्हणाला, "बाबा, संध्याकाळपर्यंत बुजवतो. एका दिवसात काय होतंय?"

दुपारी मी हातशिलाई करत बसले होते आणि रेखाची किंकाळी आली.

आम्ही धावलो. मास्तर पलंगावर बसलेले, ओठ निळसर, श्वासासाठी मान वर ओढत होते. कुणीतरी फोन लावला. सायरन ऐकू आला, जवळ आला आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला. पुढं खड्डा.

तात्या तिथं उभे होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. इतके दिवस ज्याची धास्ती घेतली ते समोर आल्यावर हा माणूस आता खाली बसणार, असं मला वाटलं. पण ते जेसीबीच्या सावलीत भाकरी खात बसलेल्या ऑपरेटरकडं वळले. "भाऊ, ऊठ. प्लेटा टाक. हात जोडतो, ऊठ!"

तो तोंडातल्या घासासकट उठला. प्लेटा पडल्या. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर मात्र कचरला. आत वळायला जागा नव्हती, गाडी उलटीच न्यावी लागणार होती. "तात्या, मला मागचं काय दिसत नाय. चाक चरात गेलं तर?"

"मी हाय ना मागं."

आणि तात्या गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले. पत्र्यावर थाप मारत ओरडायला लागले, "येऊ दे... येऊ दे... डावी मार... सरळ... येऊ दे, येऊ दे!" लोकांनी न सांगता मोटरसायकली उचलल्या, कुंड्या घरात ओढल्या. मी माझा आयुष्यभराचा एसटीचा प्रवास आठवत बघत राहिले. मागं उभं राहून थापा मारायचं काम कधी ड्रायव्हरचं नसतं. ते कंडक्टरचं असतं.

मास्तरांना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. तोंडाला ऑक्सिजन लावताना त्यांनी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी दाराची कडी नीट बसते का हेच पुन्हा पुन्हा तपासलं. दार लागलं, पत्र्यावर दोन थापा पडल्या आणि गाडी निघाली.

नंतर तात्या माझ्या ओट्यावर येऊन बसले. मी पाणी दिलं, ते निम्मं अंगावर सांडलं.

"वाचतील मास्तर," मी म्हटलं.

त्यांनी पेला ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "तुझ्या काकूशी बोलायचं ते बोलून झालंय. पोरं फोनवर जेवलात का इचारत्यात. एक ह्यो व्हता, ज्याच्यावर रागवून बसलं की दिवस जायचा. ह्यो गेला असता तर मी अबोला कुणाशी धरायचा गं?"

मला हसू आलं, पण तात्या रडत होते.

मास्तर वाचले. ते घरी आले तोवर चर बुजून वर काँक्रीट झालं होतं. डॉक्टरांनी त्यांना रोज थोडं चालायला सांगितलं. पहिल्या दिवशी ते काठी टेकत दारातून बाहेर पडले तर पायरीशी तात्या उभे. कोण काय बोललं ते मला ऐकू आलं नाही. दोघं चालायला लागले, तात्या रहदारीच्या बाजूनं.

आता रोज संध्याकाळी माझ्या खिडकीसमोर आले की मास्तरांची पावलं मंदावतात. ते थांबा म्हणत नाहीत, ओठ घट्ट मिटून चालत राहतात. तेवढ्यात तात्या विव्हळतात, "थांब रे जरा. माझा गुडघा धरलाय." आणि दोघं माझ्या ओट्यावर टेकतात. काल तात्या डावा गुडघा चोळत होते, आज उजवा. मास्तरांच्या ते ध्यानात आलं असणार. पण ते म्हणाले, "बस निवांत. कुठं जायचंय आपल्याला?" आणि त्यांची धाप खाली बसेपर्यंत तात्या आपला गुडघा चोळत राहिले.