रणपिसे डॉक्टरांचा फॉर्म

पिरंगुटच्या रणपिसे डॉक्टरांकडे दाढ काढायला गेलेला माणूस बऱ्याचदा दाढेसकट जिना उतरतो. त्या जिन्याच्या पायथ्याशीच माझं मेडिकल स्टोअर आहे, त्यामुळे हे मी गेली काही वर्षं काउंटरमागून बघत आलोय. माणूस गाल धरून खाली येतो, मला बघून ओशाळतो आणि म्हणतो, "बाळासाहेब, दुखायची गोळी द्या. दाढंचं पुढच्या महिन्यात बघू." मी विचारतो, "फॉर्म वाचला का डॉक्टरांनी?" तो नुसती मान डोलावतो. वर खरेपणाचं दुकान आहे आणि त्याच्या जिवावर खालचं चालतं, असं माझी बायको म्हणते.

फॉर्म म्हणजे संमतीपत्रक. उपचाराआधी रुग्णाची लेखी संमती घ्यायची, आणि तीही त्याला कळेल अशा भाषेत, असं डॉक्टरांना पुण्यातल्या कुठल्याशा दिवसभराच्या शिबिरात सांगितलं गेलं. तिथे एक छापील मराठी नमुनाही मिळाला. बाकीच्या डॉक्टरांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि विषय मिटवला. आमचे डॉक्टर तो कागद घेऊन माझ्या काउंटरला येऊन टेकले आणि मोठ्याने वाचायला लागले, "'सदर उपचारप्रक्रियेदरम्यान उद्भवू शकणाऱ्या संभाव्य गुंतागुंतींची मला पूर्ण कल्पना देण्यात आलेली आहे.' बाळासाहेब, तुम्हाला कल्पना आली का?"

"एवढीच आली की काहीतरी वाईट होणार आहे."

"बघा. आणि तुम्ही डी. फार्म. झालेले."

त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःचा फॉर्म लिहिला. डॉक्टर मूळचे मुळशीतलेच, पौडाच्या पलीकडचे. बोलतात कॉलेजात शिकवल्यासारखं शुद्ध, पण फॉर्म त्यांनी आईच्या भाषेत लिहिला. दाढ काढायच्या फॉर्मची सुरुवात अशी होती: "१. सुई टोचल्यावर दुखंल. मुंगी चावल्यावानी न्हाई, सुई टोचल्यावानी. २. निम्मा गाल मेल्यावानी व्हईल. तवर काय खाऊ नका, सोताचाच गाल चावाल. ३. दाढ एका दमात निघंल आसं डॉक्टरला वाटतंय. डॉक्टरला ह्याच्या आदी लई येळा चुकीचं वाटलेलं हाय."

अशी एकवीस कलमं. रुग्ण खुर्चीत आडवा, दिवा तोंडावर, आणि डॉक्टर शेजारी उभं राहून खणखणीत आवाजात वाचतायत. प्रत्येक कलमानंतर थांबायचं आणि म्हणायचं, "आता तुम्ही मला सांगा." सांगता आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. तेराव्या कलमात मुळाचं टोक तुटून आत राहू शकतं असं आहे. कच्च्या दिलाची माणसं तिथे उठतात आणि माझ्याकडे येतात.

भुकूमच्या सरूबाई मात्र उठल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्याच कलमाला डॉक्टरांना अडवलं. "डाक्टर, ते 'मेल्यावानी' काढा. दवाखान्यात कुणी आसं नाव घेतं व्हय? गाल झोपंल म्हणा." डॉक्टरांनी हातमोजे काढले, पेन आणलं आणि तिथल्या तिथे दुरुस्ती केली. तेव्हापासून आमच्याकडे गाल मरत नाही, झोपतो. मग लोकांना चटकच लागली. दाढ राहिली बाजूला, जो तो फॉर्ममधल्या चुका काढायला लागला. डॉक्टर प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे आणि ज्याने कलम सुधारलं त्याचं नाव तळाशी छापायचे. सध्या अकरावी आवृत्ती चालू आहे. सरूबाई ती घडी घालून पर्समध्ये ठेवतात आणि एसटीत शेजारच्या बाईला दाखवतात, असं ऐकून आहे.

एवढ्यावरून डॉक्टर जुन्या वळणाचे असतील असं समजू नका. पिरंगुटात नवं काही आलं तर ते आधी त्यांच्याकडे येतं. पूर्वी कवळीच्या मापासाठी तोंडात गुलाबी लगदा कोंबायचे आणि लोकांना उमासे यायचे. आता बोटाएवढा कॅमेरा तोंडातून फिरतो आणि अख्खी बत्तिशी समोरच्या पडद्यावर रंगीत उमटते. दातात चांदी भरणं त्यांनी केव्हाच बंद केलं, आता पांढरा मसाला भरून त्यावर निळा उजेड मारतात की तो क्षणात घट्ट होतो. कचऱ्याच्या पिवळ्या आणि लाल पिशव्या, त्यांच्यावरचे बारकोड, सगळं अगदी नियमात. अडचण एवढीच की प्रत्येक नव्या वस्तूबरोबर नवी कलमं येतात.

कॅमेऱ्याचं कलम: "तोंड टीव्हीवर दिसंल. बघवत नसंल तर डोळे मिटा. संगट आलेल्या मानसांनी हसू नये." चांदीचं कलम: "चांदीत पारा आसतो, म्हनून आता भरत न्हाई. ज्यांच्या दातात आदीचीच हाय, त्यांनी घाबरून ती उकरून मागू नये." दातावर बसवायच्या टणक नव्या टोपीचं कलम तर माझं आवडतं आहे: "ही टोपी दगडावानी पक्की हाय. पर तिच्याखालचा दात तुमचाच हाय, आन् तुमीच त्याची ही गत केलीया. हे रागानं सांगितलेलं न्हाई."

भुकूमच्या नव्या सोसायटीतला एक आयटीवाला एकदा म्हणाला, "डॉक्टर, प्लीज स्किप करा ना. आय ॲग्री." डॉक्टरांनी शांतपणे दिवा बंद केला. "अहो, तुमच्या मोबाइलवर तुम्ही न वाचता हो म्हणता, तो तुमचा प्रश्न. हा जबडा आहे." बिचाऱ्याने एकवीसच्या एकवीस कलमं ऐकली आणि मुळशीची भाषा कळेना म्हणून चार कलमं हिंदीतूनही ऐकली.

आता माझं सांगतो. मी औषधं विकतो आणि तंबाखू खातो. काउंटरवर 'धूम्रपान टाळा'ची पाटी आहे, पण तंबाखू म्हणजे काही धूर नव्हे, असा माझा वीस वर्षांचा युक्तिवाद होता. गेल्या दिवाळीनंतर डावी दाढ ठणकायला लागली तेव्हा मी वर गेलो. कॅमेरा तोंडात शिरला. पडद्यावर माझी दाढ आली, आणि तिच्या मागे गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरट, खरखरीत चट्टा आला. कॅमेरा तिथेच थांबला. डॉक्टरांनी तो खाली ठेवला, मला चूळ भरायला सांगितली आणि म्हणाले, "दाढेचं नंतर बघू."

मी फॉर्मची वाट बघत पडून राहिलो. फॉर्म आला नाही. साध्या भोकात मसाला भरायला तासभर वाचणारा माणूस एक अक्षर बोलत नव्हता, तेव्हा मी खरा घाबरलो.

"फॉर्म?" मी विचारलं.

"याचा फॉर्म नाहीये माझ्याकडे. गुरुवारी पुण्याला जाऊ. तिथे गालाचा एक तुकडा काढून तपासतील." एवढं बोलून ते माझ्याकडे पाठ करून हात धूत राहिले. बराच वेळ धूत होते.

पुढचे दोन दिवस मी भीतीने कमी आणि रागाने जास्त जळत होतो. चट्टा कसला असू शकतो हे काय मला कळत नव्हतं? पण सगळ्या तालुक्याला खरं सांगणाऱ्या माणसाने मलाच तेवढं वगळावं, हे मला लागलं. बायकोला मी काही सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला उलट्यांची गोळी द्यायची तर तापाची देऊन बसलो, ती त्यानेच परत आणून दिली.

बुधवारी दुपारी वरच्या सुनंदाताई खाली आल्या. त्या डॉक्टरांकडे मदतनीस आहेत. त्यांच्या हातात चुरगळलेल्या कागदांचा गठ्ठा होता. "हे तुमचं हाय बगा. सोमवारपास्नं लिवत्यात आन् टाकत्यात. तुमचं नाव दिसलं म्हणून टोपलीतनं काडलं."

मी एकेक कागद काउंटरवर सपाट केला. बाकीच्या फॉर्मवर कुणाचं नाव नसतं. हे सगळे 'बाळासाहेब' असे सुरू होत होते. "बाळासाहेब, १. तुमच्या गालात चट्टा हाय. २. भ्यायचं काय कारन न्हाई." दुसऱ्या कलमावर काट. पुढच्या कागदावर, "२. ह्यो कॅन्सर आसंल." त्याच्यावरही काट. शेवटच्या कागदांत दुसरं कलम एकदाचं ठरलं होतं: "२. चट्टा कसला हाय, ते डॉक्टरला म्हाईत न्हाई." तिसरं मात्र ठरत नव्हतं. ते लिहिलं होतं, खोडलं होतं, आणि पुढच्या कागदावर पुन्हा तेच लिहिलं होतं: "३. डॉक्टरला भ्या वाटतंय."

मी शटर अर्धं ओढलं आणि वर गेलो. दुपारची सुट्टी होती. दवाखान्यामागच्या खोलीत डॉक्टर एकटेच राहतात. एक पलंग, एक ताट, एक खुर्ची. खुर्ची त्यांनी मला दिली.

"तिसरं कलम का खोडता?" मी कागद पुढे केला.

"ते रुग्णाला सांगायचं नसतं."

"मग कुणाला सांगता?"

ते पलंगावर बसले. मग बोलायला लागले, आणि त्यांचं ते शुद्ध बोलणं कुठल्या कुठे गेलं.

"आमच्या आबांना आसाच चट्टा हुता. मी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. घरात कुणालाच काय कळत नव्हतं, मला तेवढं कळत हुतं. आबा मला इचारायचे, काय झालंय रं तोंडात? मी म्हणायचो, उष्णता हाय. माझी जीभच वळत नव्हती, बाळासाहेब. आन् त्यांनी मानलं. शिकलेलं पोरगं सांगतंय म्हणून शेवटपतुर ज्येष्ठमध चघळत बसले."

मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये असं वाटत होतं. त्यांच्या खिशातलं पेन मी काढून घेतलं आणि त्या कागदावर सही केली. तिसऱ्या कलमावरची काट पुसता येईना, म्हणून ते खाली पुन्हा लिहिलं आणि पुढे जोडलं, "बाळासाहेबालाबी."

गुरुवारी पुण्यात तुकडा काढला. रिपोर्टला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत डॉक्टर रोज चार-पाच वेळा दुकानात यायचे, नको असलेली बँडेजची पट्टी घ्यायचे आणि माझ्या डाव्या गालाकडे बघून परत जायचे. नवव्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा पुण्याला गेलो. कॅन्सर नव्हता. तंबाखू त्या दिवसापासून बंद, आणि दर तीन महिन्यांनी गाल दाखवायला यायचं, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं. रणपिसे डॉक्टरांनी तो रिपोर्ट हॉस्पिटलच्या बोळात उभं राहून तीनदा वाचला. मग माझा हात धरला, तो रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही.

येताना पौडाच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. डॉक्टर मला तो रिपोर्ट ओळीओळीने समजावून सांगायला लागले, आणि चांदणी चौक यायच्या आत त्यांची मान माझ्या खांद्यावर पडली. गेल्या आठ दिवसांत हा माणूस झोपलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तो मी काढून माझ्या खिशात ठेवला.

"ह्यांच्या संगट कोण हाय?" कंडक्टरने विचारलं.

"मी हाय. दोन पिरंगुट द्या."

भूगाव गेलं, भुकूम गेलं. पिरंगुटच्या स्टॉपवर बस थांबली, माझं दुकान आणि त्यावरची दवाखान्याची पाटी खिडकीतून समोर दिसत होती. मी हललो नाही.

"उतरायचं न्हाई का?" कंडक्टर म्हणाला.

"न्हाई," मी हळू आवाजात म्हणालो, "आता पौडाची दोन द्या."