परबकाकांचा प्रोसेसर

सेकंडहँड प्रोसेसर बघायला निघताना परबकाकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल चोपडलं आणि मला म्हणाले, "तू फक्त बस. बोलणी मी करतो."

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत काका माझ्या समोरच्या दारात राहतात, एकटेच. रिटायर झालेली माणसं गॅलरीत कुंड्या लावतात. यांनी गेमिंग कॉम्प्युटर लावला. दर रविवारी सकाळी हे इथून आणि यांची लेक प्राची मुलुंडच्या सासरहून, एकाच टीममध्ये बंदुका घेऊन पडक्या शहरात फिरतात. मध्यंतरी गेम अपडेट झाला आणि काकांचा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. ऐन लढाईत काका एका दारात थिजले, तोवर अख्खी टीम गारद. प्राची म्हणाली, "बाबा, तुमचं नीट होईपर्यंत मी ऑफिसमधल्या एकाला घेते."

झालं, काकांचं अन्नपाण्यावरचं लक्ष उडालं. "एकदा दुसरा बसला ना त्या जागेवर, की आपली वाट लागली," हे त्यांनी मला जिन्यात ऐकवलं, लिफ्टमध्ये ऐकवलं आणि एकदा माझ्या हातात कचऱ्याचा डबा असताना ऐकवलं. त्यांच्या मदरबोर्डवर बसणारा प्रोसेसर आता नवा मिळत नाही, म्हणजे वापरलेलाच शोधणं आलं. आणि दुसऱ्याने वापरलेल्या वस्तूवर काकांचा काडीचा विश्वास नाही.

अंधेरीचा विकणारा फोनवर फार गोड बोलला, म्हणून बाद. वाकोल्याचा फार तुटक बोलला, म्हणून तोही बाद. घाटकोपरचा एक इंजिनीअर मात्र "चालू कॉम्प्युटरवर दाखवतो" म्हणाला, तेव्हा आम्ही त्याच्याकडे जाऊन बसलो.

"का विकतोस?" काकांनी पाण्याचा ग्लास बाजूला सारून विचारलं.

"लग्न ठरलंय काका. गेमिंग बंद."

"तिने सांगितलं, की तुझं तू ठरवलंस?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो.

"तापतो का? खरं सांग हां. पदरात पडल्यावर कळलं तर माझा रविवार जाईल."

त्याने गेम लावला. काका उठले आणि तापकरी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा कॅबिनेटवर हात ठेवून उभे राहिले, ते लढाई संपेपर्यंत. मग प्रोसेसर काढायला लावून भिंगातून त्याची पिन न् पिन तपासली. शेवटी माझ्या कानाशी म्हणाले, "घरंदाज वाटतो."

रविवारी सकाळी मी तो बसवून द्यायला गेलो, तर प्रोसेसर देवघरात. ताम्हनात तांदळाची रास, तिच्यावर गणपतीची सुपारी ठेवावी तसा तो बसवलेला, डोक्यावर हळदकुंकू आणि जास्वंद.

"नवीन वस्तू घरात आली की पूजा नको?" काका म्हणाले.

प्रोसेसरच्या पोटाखाली केसासारख्या बारीक पिना असतात. मी तो उचलला तर पिनांत तांदूळ अडकलेले आणि कोपऱ्यातली एक पिन वाकलेली. घाबरले की काका सरळ मालवणात पोचतात. "तो गेलो काय रे? आता काय करूचा? ती त्या ऑफिसवाल्याक घेऊन टाकतली मां!"

खटक्याच्या पेन्सिलीतलं शिसं काढून मी तिचं पोकळ टोक त्या पिनेवर चढवलं आणि श्वास रोखून ती सरळ केली. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. प्रोसेसर बसला, पंखा फिरला, स्क्रीन उजळली. काका मटकन खुर्चीत बसले.

"बाबा, आलात? चला," स्पीकरमधून प्राचीचा आवाज आला आणि ती धावत सुटली. काका तिच्या मागोमाग. समोर शत्रूंची रांग, गुणांची नुसती लयलूट, पण हे पुढे जाईनात.

"काका, जा ना पुढे," मी म्हणालो.

काकांनी माइक बंद केला. "तिची आई गेल्यापासून फोनवर आमचं 'जेवलीस?', 'जेवले' एवढंच होतं. पुढे बोललो तर रडू येईल, म्हणून दोघंही ठेवून देतो. इथे ती धावते, मी मागे राहतो, तिची पाठ सांभाळत. मी असलो की ती वळून बघत नाही रे."

मी पेन्सिलीत शिसं परत घालायला लागलो.

काकांनी माइक चालू केला. "चल गं," ते म्हणाले, "तू पुढे बघ."