राईचे एकमेव प्रतिनिधी

आमच्या कुवेतच्या मराठी मंडळात वाद झाला की मनोहर सुर्वे बोलता बोलता अमेरिकेत पोचतात. "तिकडे एकदा पक्षाचो उमेदवार ठरवूक मतदानाचे शंभरावर फेरे लागले!" नैवेद्याला मोदक तळायचे की उकडायचे, यावरही त्यांनी हे ऐकवलेलं आहे.

सुर्वे कुडाळकडचे सुतार. कुवेतमधल्या राई या गोदामांच्या वस्तीत, एका फर्निचरच्या कारखान्यात बावीस वर्षं एकटेच मराठी. एका अमेरिकन मास्तरांकडे त्यांनी कपाटं बसवली. मास्तरांनी देश सोडताना त्यांना जाड पुस्तक दिलं: तिथले पक्ष राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कसे निवडत आले. सुर्व्यांनी ते शब्दकोश घेऊन दोन वर्षं वाचलं. पूर्वी मूठभर पुढारी बंद खोलीत नाव ठरवत, मग राज्याराज्यांतले प्रतिनिधी जमवून अधिवेशनं सुरू झाली, तिथे हजेरीसारखी एकेका राज्याला हाक मारून त्याचं नाव विचारतात, हे आता आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

यंदा मंडळाला नवा अध्यक्ष हवा होता. मावळते अध्यक्ष कुलकर्णी तेल कंपनीत इंजिनियर. म्हणाले, "ग्रुपवर जोश्यांचं नाव टाकतो. अंगठे दाखवा, झालं."

"म्हणजे बंद खोलीच!" सुर्वे उठले. "हजेरी होवक होयी. वस्तीवार."

मी मंडळाची सचिव. मला सभा जेवणाआधी संपवायची असते. "अहो सुर्वे, तुमच्या अमेरिकेतही हल्ली नाव आधीच ठरलेलं असतं."

"ठरलेला असला तरी हाक मारतत मां!"

ते हटले नाहीत. पुढच्या शुक्रवारी प्लायवूडचे फलक दांड्यांवर ठोकून, पॉलिश करून आणले: वफ्रा, राई, सालमिया, रुमैथिया. पद्धतही सांगितली. पहिल्या फेरीत प्रत्येक वस्तीने आपल्या एका माणसाचं नाव घ्यायचं, फक्त मान म्हणून. खरं मतदान दुसऱ्या फेरीत.

मी हजेरी सुरू केली. वफ्राच्या शेतांवरची सहा माणसं प्रथमच सभेला आली होती. "टोमॅटोचा वफ्रा!" असं ओरडून त्यांनी आपल्या स्वयंपाक्याचं नाव घेतलं. तो लाजून खुर्चीमागे गेला. कुलकर्ण्यांनीही टाळ्या वाजवल्या.

"राई!"

फलक धरून सुर्वे एकटेच उभे. "राई पास. आपला नाव आपणच घेवचा नसता." आणि खाली बसून नावांची नोंद करू लागले.

मला त्यांचा कारखाना आठवला. मी एकदा शेल्फ सांगायला गेले होते. सुर्वे कुठे आहेत विचारलं, तर कुणाला कळेना. शेवटी एकजण म्हणाला, "नज्जार?" नज्जार म्हणजे सुतार. तिथे त्यांना एवढीच हाक.

शेवटी आमची वस्ती आली. तिची प्रतिनिधी मीच. आमचं नाव जोश्यांचं ठरलं होतं.

"रुमैथिया," मी खणखणीत म्हटलं, "मनोहर गणपत सुर्वे!"

"अहो, ते राईचे!" कुलकर्णी म्हणाले.

"मान आमचा आहे. आम्ही कुणालाही देऊ. जोशी दुसऱ्या फेरीत आहेतच."

सुर्व्यांची पेन्सिल थांबली होती. आता नियम काढतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं. त्यांनी घसा खाकरला.

"वहिनीनू, नीट ऐकाक येवक नाय. परत एकदा."

ते पहिल्याच रांगेत होते. मी पुन्हा म्हटलं. या वेळी सावकाश.