चौदा बाटल्यांची यादी

"तेल मोठ्या बॅगेत टाका आणि ती बॅग विमानवाल्यांकडं द्या. सगळं जग तसंच करतंय की," जगदेवी म्हणाली.

"आणि तिकडं उतरल्यावर पट्ट्यावरनं कुणी उचलून नेली म्हणजे?" चन्नवीर म्हणाले. "आपलं सामान आपल्या हातात पाहिजे. शंभर मिलीच्या बाटल्या चालतात. मी सगळं बघून ठेवलंय."

चन्नवीर सूतगिरणीत तीस वर्षं स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी घरातल्या डाळींच्या डब्यांवर अजून नंबर होते. मुलगी दानेश्वरी बंगळूरला बाळंत झाली होती. जगदेवीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळं जाणं महिनाभर लांबलं आणि त्या महिन्यात ती रोज फोनवर एकच विचारायची, "बाळाला तेल कोण लावतंय?" डॉक्टरांनी चुलीच्या धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. तरी डोळ्यावर काळा चष्मा चढवून दोन दुपारी तिनं परसात तेल कढवलं. घाण्यावरचं तिळाचं तेल, त्यात ओवा, लसूण आणि अक्कलकोटला तिची आई घालायची ते सगळं.

चन्नवीरांनी पांढऱ्या प्लास्टिकच्या चौदा बाटल्या आणल्या. चार बाटल्यांत बाळाचं तेल. बाकीच्यांत शाम्पू, हात धुवायचा साबण, गुळण्यांचं औषध, भांड्यांचं लिक्विड, खोबरेल वगैरे. "बंगळूरात भांडी घासायला काही मिळत न्हाई काय?" असं जगदेवीनं विचारून पाहिलं, पण त्यांनी ऐकलं नाही. प्रत्येक झाकणाला टेप गुंडाळली, प्रत्येक बाटलीवर नुसता नंबर टाकला आणि कुठल्या नंबरात काय ते वळणदार अक्षरात कागदावर लिहिलं.

जगदेवीनं चष्मा वर करून यादी वाचली. "बाळाचं तेल शेवटी? अकरापास्नं? आधी तुमचा शाम्पू?"

"नंबर आहे तो. मान नव्हे."

"तरी बाळाचं आधी लिवा."

चन्नवीरांनी कुरकुरत सगळ्या बाटल्यांचे नंबर बदलले आणि नवी यादी केली. जुनी फाडून टाकली.

सोलापूरच्या होटगी रोडवरच्या विमानतळावर बायकांची रांग वेगळी होती. जगदेवी लवकर आत गेली आणि पलीकडं खुर्चीवर पर्स सांभाळत बसली. चन्नवीरांची बॅग मात्र तपासणीच्या मशिनमधून बाहेर येताच बाजूला काढली गेली. जवानानं बाटल्या एकेक करून टेबलावर मांडल्या.

"काका, दुकान टाकायचंय काय तिकडं?"

"प्रत्येक बाटली शंभर मिलीचीच आहे. मोजून बघा," चन्नवीर छाती काढून म्हणाले.

"व्हय, पण सगळं मिळून एक लिटर. दहा बाटल्या न्या. चार हितंच ठेवा."

हे चन्नवीरांनी बघून ठेवलेलं नव्हतं. यादी पाकिटात होती आणि पाकीट ट्रेमध्ये बसून जगदेवीच्या दिशेनं निघून गेलं होतं. मागं रांग चुळबुळत होती.

"टेप काढून वास घेऊन बघा की," जवान म्हणाला.

"त्याची गरज न्हाई. तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. एकपासून चारपर्यंत आपला शाम्पू, साबण, औषध, लिक्विड. अकरापासून बाळाचं तेल. जाऊ दे, आपल्या वस्तू गेल्या तर गेल्या, बाळाचं मात्र काही जाता कामा नये. एक, दोन, तीन, चार. चारही बाटल्या त्यांनी स्वतःच्या हातानं टोपलीत टाकल्या. टाकताना त्यांना स्वतःचं कौतुकच वाटलं. विमानात बसल्यावर जगदेवीला म्हणालेसुद्धा, "माझं सगळं सोडून दिलं. तुझ्या तेलाला धक्का लागू दिला न्हाई."

जगदेवी हसली. ते हसू चन्नवीरांना पुढं फार दिवस छळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेवी पाय पसरून बसली, बाळाला पायांवर निजवलं आणि म्हणाली, "द्या बघू तेल." चन्नवीरांनी अकरा नंबरची बाटली दिली. तळहातावर निळं पाणी आलं. बारा नंबरमधून गुलाबी साबण आला. तेरा नंबरचा वास घेऊन दानेश्वरी म्हणाली, "अप्पा, हे तर भांडी घासायचं!"

चौदावी कुणी उघडली नाही. चन्नवीरांनी पाकिटातून यादी काढली. वळणदार अक्षरात पहिल्याच ओळीत होतं: एक ते चार, बाळाचं तेल.

जगदेवी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि एवढंच म्हणाली, "खाली दुकान असंल. कुठलं तरी आणा."

दुकानातून परतताना चन्नवीरांनी सोलापूरला बहिणीच्या मुलाला, सिद्धारामला फोन लावला. "विमानतळावर जा. तपासणीपाशी टोपली आहे. एक ते चार नंबरच्या बाटल्या."

"मामा, तितवर जायला तिकीट लागतंय."

"मग काढ की!"

"कुठलं काढू?"

"कुठलं पण काढ!"

"आणि चार बाटल्या घेऊन माघारी फिरलो, तर मला सोडतील व्हय? शिवाय कचरा कालच उचलला असंल की, मामा."

चन्नवीर रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभे राहिले. काळा चष्मा लावून पातेल्यातलं तेल ढवळणारी जगदेवी त्यांना दिसत राहिली. एक झाकण उघडून नुसता वास घ्यायचा होता. अर्धं मिनिट लागलं असतं.

संध्याकाळी जगदेवी मांडीवर बाळाला थोपटत होती. चन्नवीर समोर येऊन उभे राहिले.

"चुकलं माझं."

दुपटी घडी करणाऱ्या दानेश्वरीचे हात थांबले. जन्मापासून तिनं अप्पांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं.

"काय म्हणलात?" जगदेवीनं विचारलं.

"चुकलं म्हणालो."

"नीट ऐकू येईना."

"चुकलं! माझं चुकलं!"

बाळ दचकून जागं झालं आणि टाहो फोडून रडू लागलं.

"आता आलं ऐकू," जगदेवी म्हणाली आणि तिनं बाळ उचलून त्यांच्या हातात दिलं. "घ्या. तुम्हीच उठवलंय."

चन्नवीर त्याला छातीशी धरून खोलीभर फिरू लागले. बाळाच्या अंगाला बाजारच्या तेलाचा गुलाबी वास येत होता. त्यांनी तोंड बाजूला केलं, पण बाळ कुणाकडं दिलं नाही.