लाळेचा पुरावा

कर्वेनगरच्या चौकात स्कूटरवरून कुणी पचकन थुंकला, की आमच्या वहिनींच्या पिशवीतून जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा निघायचा. "घ्या. पुसा." बहुतेक जण ओशाळून पुसायचे. एकाने उलट विचारलं, "रस्ता तुमचा आहे का?"

"नाही. थुंकी तुमची आहे."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ खडकीच्या कारखान्यात होता. तो गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे त्यांचं बोलणं संपल्यावर समोरच्याने मान डोलवावी लागते. नाहीतर धडा पुन्हा पहिल्यापासून.

अशा वहिनींच्या तोंडची लाळच आटली. भाकरीचा घास अडकायचा, बोलताना जीभ टाळूला चिकटायची. एक डॉक्टर म्हणाले, वय झालं. दुसरे म्हणाले, एकट्या राहता, मनाला लावून घेता. आणि झोपेची गोळी लिहून दिली.

"झोप मला लागते," वहिनी म्हणाल्या. "लाळ येत नाही."

मीही म्हणालो, "सोडा ना वहिनी, उगाच मागे लागताय."

"सोडते. मला खरंच काही झालंय की नाही, एवढं कळू दे. मग सोडते."

तेव्हा गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते. कॉलेजची पोरं चॅटिंग करत बसायची आणि त्यांच्या मधोमध वहिनी, एका बोटाने टाइप करत, लाळेवर वाचायच्या. लाळ आटवणारा एक आजार संधिवाताचे डॉक्टर बघतात, असं वाचून त्यांनी तशा एक डॉक्टरीणबाई शोधून काढल्या. मला सोबत नेलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हातात नळी दिली. "लाळ किती तयार होते ते मोजू. गिळायची नाही. तोंडात जमेल तेवढी यात थुंकायची."

वहिनी ताठ झाल्या. "थुंकायची? माणसांसमोर?" मग माझ्याकडे वळून, "भाऊजी, तिकडे तोंड करा."

मी भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र पाहत बसलो. वेळ संपला तेव्हा नळीच्या तळाला नुसती ओल होती.

"बघा! नाहीये ना?" नापास होऊन इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पुढे रक्ताची तपासणी झाली, ओठाच्या आतला बारीकसा तुकडा काढून तपासला, आणि आजाराचं नाव ठरलं: श्योग्रेन. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर उलटतात. हा आजार पूर्ण बरा होत नाही, पण सांभाळता येतो.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे."

"अगदी," बाई हसल्या.

वहिनी उठल्या, आणि परत बसल्या. "डॉक्टर, डोळ्यांचंही यातच येतं?"

"हो. पाणी आटतं. डोळ्यांत खुपतं का?"

"कित्येक वर्षं. हे गेले तेव्हासुद्धा... आत सगळं तुटत होतं हो, पण डोळ्यांत टिपूस येईना."

"आजार हळूहळू वाढतो. तेव्हाही असू शकेल."

ते कोरडे डोळे मी पाहिले होते. "बाईला काळीज नाही," असं चारचौघांत म्हणालो होतो, आणि पुढे बरेच दिवस त्यांच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. तोवर वहिनींना हे कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी डॉक्टरांसमोरच बोललो.

"ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या. "तेव्हाच कानावर आलं होतं."

मला मान वर करवेना.

"राग नव्हता आला, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, तुमचं खरंच असेल."